हॅमॉक कॅम्पिंग करायचंय, पण बजेट ५ हजारांचं आहे? मग पैसे आधी कशावर घालायचे ते बघा

एक रील सगळ्यांच्याच फीडमध्ये येऊन गेलेलं असतं. दोन झाडं, मध्ये टांगलेला रंगीत हॅमॉक, मागे धरणाचं निळं पाणी आणि हॅमॉकमध्ये पाय पसरून चहा पिणारा निवांत माणूस. खाली कमेंट्समध्ये अर्ध्या जनतेने मित्रांना टॅग केलेलं असतं, "चल ना भावा, एकदा करूच."

मग काय होतं, तर त्याच रात्री ऑनलाईन हॅमॉक शोधला जातो. जो सगळ्यात भारी दिसतो तो मागवला जातो. सोबत दोन बारक्या दोऱ्या आणि दोन हुक फुकट आलेले असतात. डिसेंबरचा एखादा वीकेंड गाठून गाडी भंडारदऱ्याला निघते.

रात्री ९ वाजता सगळं मस्त असतं. १२ वाजता पाठ गार पडायला लागते. २ वाजता अंगावर दोन चादरी, जॅकेट, टोपी असं सगळं चढवूनही हुडहुडी थांबत नाही. ३ वाजता हा माणूस हॅमॉकमधून उतरतो आणि गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन झोपतो. परत आल्यावर हॅमॉक माळ्यावर जातो तो कायमचा.

यात चूक थंडीची नव्हती आणि हॅमॉकचीही नव्हती. चूक होती ती खरेदीच्या क्रमाची. सगळे पैसे फोटोत दिसणाऱ्या वस्तूवर गेले आणि रात्र ज्या वस्तूंवर निघते त्या राहूनच गेल्या.

म्हणूनच कमी बजेटमध्ये सुरुवात करताना आधी काय घ्यायचं, नंतर काय घ्यायचं आणि काय अजिबात घ्यायचं नाही, हे नीट समजून घेतलेलं बरं.

हॅमॉक म्हणजे शेवटी मोठ्या माणसाची झोळीच

हॅमॉक हा शब्द आला कॅरिबियन बेटांवरून. तिथल्या ताईनो लोकांच्या भाषेत त्याला 'हमाका' म्हणत. १४९२ साली कोलंबस तिथे पोचला तेव्हा स्पॅनिश लोकांनी हे प्रकरण पहिल्यांदा पाहिलं. पुढे जहाजांवर जागा वाचवायला म्हणून खलाशी त्यातच झोपायला लागले.

आपल्याकडे तर याची वेगळी ओळख करून द्यायची गरजच नाही. आढ्याला आईचं जुनं लुगडं बांधून केलेल्या झोळीत किती तरी पिढ्या झोपून मोठ्या झाल्या. तत्त्व तेच आहे. फरक एवढाच की झोळीत ५ किलोचं बाळ असतं आणि हॅमॉकमध्ये ७० किलोचा माणूस. त्यात तो माणूस घराबाहेर, उघड्यावर झोपलेला असतो.

या दोन फरकांमुळेच सगळी खरेदी ठरते.

नियम एकच, रात्र कशामुळे बिघडेल?

हॅमॉकमधली रात्र चार गोष्टींनी बिघडते. पडणं, गारठणं, डास आणि पाऊस.

यातली पडण्याची भीती बाराही महिने असते, त्यामुळे तिथे तडजोड नाही. बाकीच्या तीन गोष्टी मोसमावर अवलंबून आहेत. सह्याद्रीत डिसेंबर-जानेवारीत पाऊस जवळपास नसतो, पण थंडी जोरात असते. एप्रिलमध्ये कोकणात थंडी नसते, पण डास असतात. म्हणजे पहिल्या ट्रिपला चारही गोष्टींवर पैसे घालायची गरज नाही. कुठल्या महिन्यात जाणार हे ठरवलं की अर्धी यादी आपोआप कमी होते.

दुसरी एक गोष्ट लक्षात ठेवायची. हॅमॉक आवडला नाही तरी जी वस्तू कामी येईल, ती आधी घ्यायची. फोमची मॅट, हेडटॉर्च, स्लीपिंग बॅग या गोष्टी टेंटमध्ये, गुहेत किंवा गावातल्या देवळात मुक्कामालाही लागतातच. हे पैसे वाया जात नाहीत.

पण त्याआधी, झाडं आहेत का?

हा प्रश्न बावळट वाटेल, पण बरेच जण इथेच फसतात. सह्याद्रीतल्या बऱ्याच गडांचे माथे उघडेबोडके आहेत. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर हॅमॉक घेऊन गेलात तर तो पाठीवरच राहणार, कारण तिथे बांधायला काहीच नाही. तुमचे नेहमीचे ट्रेक असेच गडमाथ्यांचे असतील तर हॅमॉकऐवजी टेंटसाठीच पैसे साठवलेले बरे.

हॅमॉकची खरी जागा म्हणजे कोकणातल्या आंबा-काजूच्या बागा, ओळखीच्या कुणाचं शेत किंवा धरणाकाठच्या झाडीतल्या कॅम्पसाईट्स. अर्थात मालकाला विचारूनच. अभयारण्यात रात्रीचा मुक्काम वनखात्याच्या परवानगीशिवाय करता येत नाही. देवराईतल्या झाडांना तर हात लावायचाच नाही. गावाने पिढ्यानपिढ्या जिथली काटकीही मोडलेली नसते, तिथे आपण पट्टे बांधणं शोभत नाही.

आता येऊ खरेदीकडे.

नंबर १ : झाडाला बांधायचे पट्टे

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथे, आणि सगळ्यात जास्त धोकाही इथेच आहे.

आपलं वजन ७० किलो आहे म्हणजे दोन्ही बाजूंच्या दोरीवर ३५-३५ किलो येत असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण तसं होत नाही. दोरी किती उतरती आहे यावर तो ताण ठरतो. आडव्या रेषेपासून दोरी ३० अंशांनी खाली उतरत असेल तर प्रत्येक बाजूवर ७० किलोचा, म्हणजे पूर्ण वजनाचा ताण येतो. दोरी आणखी ताठ करून १५ अंशांवर आणली तर तोच ताण १३५ किलो होतो. १० अंशांवर २०० किलो आणि ५ अंशांवर तब्बल ४०० किलो.

म्हणजे हॅमॉक जितका ताठ बांधाल तितका तो तुटायला सोपा. पहिल्यांदा बांधणारा माणूस नेमकं हेच करतो. हॅमॉक खाटेसारखा सपाट व्हावा म्हणून दोरी खेचून खेचून ताठ करतो. खरं तर हॅमॉक केळ्यासारखा खाली वाकलेला दिसायला हवा.

३० अंश मोजायला काही घेऊन जायची गरज नाही. अंगठा आणि तर्जनी पिस्तुलासारखी धरा. तर्जनी आडवी ठेवली की तिच्या टोकापासून अंगठ्याच्या टोकापर्यंतची तिरकी रेषा साधारण तेवढाच कोन दाखवते.

पट्टे घेताना तीन गोष्टी बघायच्या.

पहिलं, रुंदी किमान एक इंच हवी. बारीक दोरी झाडाच्या सालीत रुतते. सालीच्या लगेच आत झाडाचं अन्न वाहून नेणारा थर असतो आणि तो कापला गेला तर झाडाला कायमची इजा होते. 

दुसरं, पट्टा पॉलिस्टरचा हवा. नायलॉन ओलं झालं की ताणलं जातं, त्यामुळे रात्री कमरेइतक्या उंचीवर असलेला हॅमॉक पहाटे जमिनीला टेकलेला असतो. खाटेची जुनी सुती नवार किंवा वाळत घालायची दोरी तर नकोच नको.

तिसरं, हुक. किचेनला लावायचे रंगीत हुक दिसायला सारखेच असतात, पण ते वजनासाठी नसतात. खऱ्या हुकवर किलोन्यूटनमध्ये, म्हणजे 'केएन' असा आकडा कोरलेला असतो. १ केएन म्हणजे साधारण १०० किलो. १२ केएनचा हुक असेल तर काळजी नाही. ज्या हुकवर आकडाच नाही, तो किल्ल्या अडकवायला वापरा.

नंबर २ : हॅमॉक, पण लांबी बघून

आता खुद्द हॅमॉक. पॅराशूट नायलॉनचा साधा हॅमॉक सुरुवातीला पुरे आहे. फक्त जाहिरातीतल्या 'डबल' या शब्दाला भुलू नका. डबल म्हणजे रुंदीला जास्त. त्यात दोन माणसं बसू शकतात, झोपू शकत नाहीत.

झोपेसाठी महत्त्वाची आहे ती लांबी. स्वस्तातले बरेच हॅमॉक पावणेतीन मीटरच्या आतबाहेर असतात. दुपारी लवंडायला ते ठीक आहेत. पण साडेपाच फुटांच्या पुढच्या माणसाला रात्रभर झोपायचं असेल तर ३ मीटर किंवा त्याहून लांब हॅमॉक बघावा.

याचं कारण झोपायच्या पद्धतीत आहे. हॅमॉकमध्ये सरळ झोपलं तर शरीर धनुष्यासारखं वाकतं आणि सकाळी कंबर धरते. ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या हॅमॉक आहे ते लोक त्यात तिरके झोपतात. डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. तिरकं झोपलं की कापड पाठीखाली बरंचसं सपाट होतं. पण तिरकं व्हायला लांबी लागते. आखूड हॅमॉकमध्ये ते जमतच नाही.

जाळी, छप्पर, खिसे असं सगळं शिवलेला महागडा हॅमॉक पहिल्या खरेदीत घेऊ नये. सुटं सामान घेतलं की जे लागेल तेवढंच नेता येतं आणि एक वस्तू फाटली तर एकच बदलावी लागते.

नंबर ३ : पाठीखालची मॅट

भंडारदऱ्याच्या त्या माणसाने दोन चादरी अंगावर घेतल्या होत्या, तरी तो गारठला. का?

कारण थंडी वरून येत नव्हती, खालून येत होती. जमिनीवर झोपलं की खाली निदान वारा नसतो. हॅमॉकमध्ये मात्र पाठीखाली फक्त एक पातळ कापड असतं आणि त्याखालून वारा सतत उष्णता ओढून नेत असतो. बरं, स्लीपिंग बॅग घेतली तरी हा प्रश्न सुटत नाही. तिची ऊब ही तिच्यात अडकलेल्या हवेमुळे असते. आपल्या वजनाने पाठीखालचा भाग दाबला गेला की ती हवा निघून जाते आणि तिथे उरतं ते नुसतं कापड.

रात्रीचं तापमान २० अंशांच्या खाली गेलं की हे जाणवायला लागतं. सह्याद्रीत घाटमाथ्यावर हिवाळ्यात पारा याहून बराच खाली जातो.

यावर स्वस्त उपाय म्हणजे फोमची साधी मॅट. ती दाबली जात नाही, त्यामुळे ऊब टिकते. ती रात्री सरकते, ही तिची एकमेव खोड. मॅट स्लीपिंग बॅगच्या आत घातली किंवा दुहेरी कापडाचा हॅमॉक असेल तर दोन थरांच्या मध्ये सरकवली की प्रश्न मिटतो. खांदे मॅटच्या बाहेर जाऊन गार पडत असतील तर गाडीच्या काचेला लावायचा चमकदार सनशेड मॅटखाली आडवा टाकायचा.

गाडी जवळच असेल आणि ओझ्याची चिंता नसेल तर घरची गोधडीही चालते. ती अंगाखाली न घेता हॅमॉकच्या खालून, कापडाला लागून झोळीसारखी बांधायची. मग ती दाबली जात नाही आणि ऊब राहते. परदेशी कंपन्या 'अंडरक्विल्ट' नावाने जे महागडं पांघरूण विकतात, त्यामागचं तत्त्व अगदी हेच आहे.

नंबर ४ : हेडटॉर्च

हॅमॉकचा एक मोठा फायदा म्हणजे माणूस जमिनीवर नसतो. मण्यारसारखा विषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसांना चावल्याच्या घटना आपल्याकडे नेहमीच्या आहेत. हॅमॉकमध्ये हा धोका बराच कमी होतो.

पण हा फायदा पाय खाली टाकेपर्यंतच. रात्री लघवीला उठून अंधारात अनवाणी उतरलं की सगळं मुसळ केरात. म्हणून कपाळावर लावायचा टॉर्च हाताशी हवा. बूट जमिनीवर न ठेवता पट्ट्याला अडकवायचे आणि घालण्याआधी झटकायचे. मोबाईलचा टॉर्च याला पर्याय नाही, कारण अडीअडचणीला फोन करायला बॅटरी शिल्लक लागते.

नंबर ५ आणि ६ : मच्छरदाणी आणि ताडपत्री, मोसम बघून

मच्छरदाणीसाठी सुरुवातीला घरातली सिंगल बेडची मच्छरदाणी चालते. हॅमॉकच्या वर दोन झाडांमध्ये एक दोरी ताणायची, त्यावर मच्छरदाणी सोडायची आणि हॅमॉकखाली तिची टोकं एकत्र करून गाठ मारायची. फक्त वरून झाकून भागत नाही, कारण ताणलेल्या पातळ कापडातून डास खालूनही चावतात. पाठीखाली मॅट असेल तर तिथलं काम ती करते. म्हणजे मॅटचे पैसे इथेही वसूल.

ताडपत्री १० फूट बाय १० फुटांची घ्यावी. ती सरळ न बांधता कोपऱ्यातून कोपऱ्यात बांधली की तिची लांबी १४ फूट मिळते आणि ३ मीटरचा हॅमॉक टोकापासून टोकापर्यंत झाकला जातो. बाजारातली साधी ताडपत्री जड असते, पण पहिल्या काही ट्रिपना तीच बरी. धरणाकाठी पहाटे पडणारं दव अडवायलाही ती लागते.

पावसात पाणी पट्ट्यावरून ओघळत थेट हॅमॉकमध्ये येतं. त्यासाठी ताडपत्रीच्या आत, पट्ट्यावर बुटाची नाडी बांधून ठेवायची. पाणी तिच्यावरून खाली टपकतं. खर्च शून्य.

पण जुलै-ऑगस्टचा सह्याद्रीतला पाऊस नवख्यांसाठी नाही, मग ताडपत्री कितीही चांगली असो. आणि एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग गडगडायला लागले तर झाडांखाली थांबायचंच नाही. उठायचं आणि पक्क्या घरात किंवा गाडीत जाऊन बसायचं.

५ हजारांचा हिशोब

भाव दुकानागणिक आणि सेलगणिक बदलतात. पण खर्चाची वरची मर्यादा अशी ठरवता येईल :

हॅमॉक – १,५०० रुपये
पट्टे आणि हुक – ८०० रुपये
फोमची मॅट – ७०० रुपये
हेडटॉर्च – ४०० रुपये

इथपर्यंत झाले ३,४०० रुपये. हिवाळ्यातल्या कोरड्या रात्रीसाठी एवढं पुरे. पांघरायला घरचं ब्लँकेट न्या किंवा स्लीपिंग बॅग भाड्याने घ्या. पुण्या-मुंबईत ट्रेकिंगचं सामान भाड्याने मिळतं.

उरलेल्या १,६०० रुपयांत ८०० मच्छरदाणीला आणि ८०० ताडपत्रीला. घरची मच्छरदाणी वापरली तर तेही वाचले.

पैसे कमी पडत असतील तर हॅमॉक थोडा साधा घ्या, मच्छरदाणी घरची न्या, ताडपत्री मित्राकडून आणा. पण पट्ट्यांचे पैसे कापू नका. बाकी कुठलीही वस्तू कमी पडली तर झोप जाते, पट्टा कमी पडला तर माणूस पाठीवर आपटतो.

आणि हॅमॉकचा लोखंडी स्टँड, फुगवायची उशी, कप अडकवायचा होल्डर, लायटिंगच्या माळा? पाच-सहा रात्री काढल्यावर यातलं काय हवंय ते आपोआप कळतं. बहुतेक वेळा उत्तर 'काहीच नाही' असंच येतं.

पहिली रात्र घराजवळ काढा

सगळं सामान आलं की थेट जंगलात जाऊ नये. पहिली रात्र गावच्या घराच्या परसात किंवा ओळखीच्या बागेत काढावी. गारठलात तर घर दहा पावलांवर असतं आणि काय कमी पडतंय ते फुकटात कळतं.

बांधताना झाड जिवंत आणि किमान ६ इंच जाड हवं. दोन झाडांत १२ ते १५ फुटांचं अंतर आणि पट्टे साधारण डोक्याच्या उंचीवर. बसल्यावर हॅमॉक खुर्चीइतक्या, म्हणजे दीड फूट उंचीवर यावा, त्याहून वर नको. पायाकडची बाजू वीतभर वर ठेवली की रात्री माणूस घसरत नाही. पहिल्यांदा बसताना एकदम अंग टाकू नका, हळूहळू वजन द्या.

मग मान वर करून बघा. वाळलेली फांदी आहे का? आग्या मोहोळ आहे का? नारळाचं झाड आहे का? तिन्हींपैकी काहीही असेल तर जागा बदला. शेवगा आणि पांगारा ठिसूळ असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. विटांच्या खांबाला किंवा गडावरच्या जुन्या बांधकामाला तर हॅमॉक कधीच बांधायचा नाही. खांब वरचं वजन पेलायला बांधलेला असतो, आडवा ओढा सोसायला नाही. तो अंगावर येऊ शकतो. शेकोटीही लांबच ठेवा, कारण नायलॉनला एक ठिणगी पुरते.

रीलमध्ये दरीवर टांगलेले हॅमॉक दिसतात. ते बांधणारे लोक दोरकामात तयार असतात आणि त्यांच्या कमरेला वेगळा दोर असतो. तो फोटोत दिसत नाही इतकंच.

एकूण काय, तर हॅमॉक कॅम्पिंग हा महागडा शौक नाही. पण त्यात पैसे घालायचे ते फोटोत जे दिसत नाही त्यावर. झाडाला गुंडाळलेला रुंद पट्टा आणि पाठीखालची साधी मॅट कुणाच्याच रीलमध्ये दिसत नाही. पण सकाळी ताजंतवानं होऊन उठायचं की पहाटे ३ वाजता गाडीत जाऊन झोपायचं, हे त्यांच्यावरच ठरतं.